हरताळ: गोंदियाच्या लाखेतला पिवळा रंग

1919 सालचा चैत्र सरत आलाय. बंगाल-नागपूर रेल्वेच्या गाडीतून तुम्ही गोंदियाला उतरता. पलीकडे नैनपूरची छोटी गाडी उभी आहे. मालधक्क्यावर पोत्यांच्या थप्प्या लागल्यात आणि त्यांना राळेसारखा, थोडा गोडसर वास येतोय. एका पोत्याची शिवण उसवलीय. आत पळसाच्या आणि कुसुमाच्या फांद्यांवरून खरवडलेली, तांबडी, खडबडीत काडीलाख दिसते. महायुद्ध संपलंय, ग्रामोफोनच्या तबकड्यांना लाख हवीय आणि भाव चढतायत.

पोत्यांच्या मागोमाग तुम्ही लाखेच्या भट्टीवर जाता.

आत शिरताच धग अंगावर येते. दोन माणसं कापडाची लांबच लांब, बारीक पिशवी धरून बसलीत. पिशवीत धुऊन वाळवलेले लाखेचे दाणे ठासून भरलेत. एक टोक निखाऱ्यांसमोर आहे, दुसऱ्या टोकाला बसलेला माणूस पिशवी पिळत राहतो. वितळलेली लाख कापडातून पाझरते, कारागीर ती खरवडून गरम पाण्याने भरलेल्या नळकांड्यावर पसरवतो. मग तिसरा माणूस ती मऊ चादर उचलतो आणि आगीसमोर उभा राहून ताणायला लागतो. वरची कड दातांत, बाजू दोन्ही हातांत, खालची कड पायाच्या बोटांत. बघता बघता हातभर तुकड्याची माणसाएवढी पातळ चादर होते. तिच्यातून पलीकडचा जाळ पिवळा दिसतो.

हा पिवळेपणा लाखेचा नाही. कोपऱ्यात एक बाई दगडी पाट्यावर सोनेरी पापुद्र्यांचे खडे वाटतेय. पाणी शिंपडते, पुन्हा वाटते. वाटण दाण्यांत कालवलं जातं. तिचे तळहात मनगटापर्यंत पिवळे झालेत.

“हे काय घालता, बाई?”

“हरताळ आहे जी. रंगासाठी. पिवळी दिसली का साहेबाले आवडते.”

सुटलेली चिमूटभर पूड निखाऱ्यावर पडते आणि लसणासारखा उग्र दर्प येतो. तो आर्सेनिकचा. हरताळ म्हणजे आर्सेनिक आणि गंधक यांचं संयुग. वजनाच्या सुमारे 60 टक्के आर्सेनिकच. शुद्ध हरताळ पाण्यात फारसा विरघळत नाही, पण बाजारातल्या मालात सोमल, म्हणजे पांढरं आर्सेनिकही मिसळलेलं असतं, आणि हवेत जाळलं की हरताळाचाच सोमल होतो. सोमल वर्षानुवर्षं अंगात गेला की तळहात-तळपाय जाड होऊन त्यांवर घट्टे येतात, बोटं बधिर पडतात. ती चादर दातांत धरणाऱ्या माणसाकडे पुन्हा एकदा बघा.

बाहेर बाजारात वेगळ्याच हरताळाची चर्चा चाललीय. याच महिन्यात, 6 एप्रिलला, रौलट कायद्याविरुद्ध देशभर हरताळ पाळला गेला. तो शब्द गुजरातीकडून आलेला: हाट म्हणजे बाजार, आणि त्याला लागलेलं टाळं. पाट्यावरचा हरताळ संस्कृतातल्या ‘हरिताल’चा. मराठीत दोघं एकाच रूपात येऊन भेटले, पण त्यांचं नातं काही नाही.

आता आणखी शंभर वर्षं मागे चला. रेल्वे नाही, म्हणून आजचं गोंदिया शहरही नाही. जवळचं कामठा गाव मात्र आहे. तिथल्या एका ओसरीवर पोथी उतरवून घेणारा माणूस बसलाय. बोरू चालता चालता थबकतो, एक अक्षर चुकलंय. काजळाची शाई खोडली तर पान विद्रूप दिसेल. तो डिंकाच्या पाण्यात कालवलेला हरताळ घेतो आणि चुकीच्या अक्षरावर नीट फासतो. हातकागद मुळातच पिवळसर असल्याने डाग उठून दिसत नाही. वाळल्यावर त्यावरच बरोबर अक्षर लिहिता येतं, आणि कसरही अशा पानाला सहसा शिवत नाही. लिहिलेलं नाहीसं करण्याची ही रीत मराठीला इतकी सवयीची झाली, की आजही कुणी नियमांना हरताळ फासतो, कुणी आश्वासनांना.

शेजारच्या घरात वैद्य आहे. त्याला लेखकाचा साधा हरताळ चालत नाही. त्याला पत्री हरताळ हवा, अभ्रकासारखे पदर सुटणारा. ते तुकडे पुरचुंडीत बांधून तो मडक्यात लोंबते सोडतो आणि कोहळ्याच्या रसात, मग चुन्याच्या निवळीत तासन् तास शिजवतो. हे शोधन. पुढे अभ्रकाच्या दोन पत्र्यांमध्ये तापवून माणकासारखा लाल झाला, की ते रसमाणिक्य. कुष्ठावर, जुनाट त्वचारोगांवर. हे विष आहे हे त्या वैद्याला पक्कं ठाऊक आहे, म्हणून तर तो मात्रा गुंजेच्या हिशेबाने देतो. साहेबाच्या वैद्यकाचीही हीच गत: थॉमस फाउलर यांनी 1786 मध्ये मांडलेलं आर्सेनिकचं द्रावण हिवतापावर थेंब मोजून देत असत. रसशास्त्राच्या शोधनाने हरताळ निर्धोक होतो, असं मात्र मला म्हणवत नाही. आर्सेनिक हे मूलद्रव्य आहे; कितीही शिजवलं तरी ते दुसरं काही होत नाही. त्याचं रूप बदलतं, थोडं निघून जातं, बाकीचं राहतंच.

परत वर्तमानात या. गोळ्या-मिठायांवर चकाकी आणणाऱ्या लाखेत आर्सेनिक किती चालेल, याला आता मर्यादा आहे. गोंदियातल्या औषधाच्या दुकानात रसमाणिक्य मागा. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याखालच्या नियमांत विषारी द्रव्यांची वेगळी यादी आहे, ई (1). त्यात हरताळ आहे, मनशीळ आहे, रसकापूरही आहे. अशा औषधाच्या वेष्टनावर वैद्यकीय देखरेखीखालीच घ्यावं, असा इशारा इंग्रजी आणि हिंदीत छापावाच लागतो. म्हणजे औषध घेणाऱ्याला सावध करायची सोय झाली, लाखेची चकाकी खाणाऱ्यासाठी हद्द ठरली. पाट्यावर हरताळ वाटणाऱ्या त्या बाईला, ती चादर दातांत धरणाऱ्या त्या माणसाला असा इशारा कुणीच दिला नव्हता. बोटं बधिर झाल्यावर त्यांनी कुणाकडे जायचं होतं? आणि गेलेच असते, तर कदाचित त्यांच्या हातावर पुन्हा आर्सेनिकचेच थेंब पडले असते, औषध म्हणून.