कागदी दोरीचे आसन



इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे सिंहासने उभी राहतात. आज मात्र मी एका साध्या लाकडी खुर्चीविषयी बोलणार आहे. ही खुर्ची डेन्मार्कची, आणि तिचे आसन विणलेले आहे कागदाच्या दोरीने. कागदावर माणूस बसणार कसा, अशी शंका तुम्हांला येईल. तिचे उत्तर त्या देशाच्या पारतंत्र्याच्या पाच वर्षांत आहे.

९ एप्रिल १९४० रोजी जर्मन फौजा डेन्मार्कमध्ये शिरल्या आणि १९४५ च्या मे महिन्यापर्यंत तेथे ठाण मांडून बसल्या. त्यापूर्वी तेथे खुर्च्यांच्या आसनांसाठी सागरी गवताची दोरी वापरीत. ती परदेशांतून येई. युद्धाने ती वाट बंद केली. तेव्हा सूचिपर्णी झाडांच्या लगद्याच्या चिवट, तपकिरी कागदाला पीळ देऊन, त्याचे तीन पदर एकत्र वळून दोरी करण्यात आली. एरवी फाटणारा कागद पिळाने बळकट झाला. युद्ध संपले, तरी ही दोरी राहिली. नड म्हणून आलेली वस्तू गुणामुळे टिकली.

ती सामान्यांच्या घरांत गेली ती सहकारी चळवळीमुळे. डेन्मार्कच्या ग्राहक सहकारी संस्थांच्या संघाने १९४२ मध्ये आपल्या फर्निचर विभागाची सूत्रे बोर्गे मोगेन्सेन यांच्याकडे दिली. अमेरिकेतील शेकर पंथीयांच्या साध्या खुर्च्यांपासून धडा घेऊन त्यांनी १९४७ मध्ये जी खुर्ची केली, तिला लोक ‘जनतेची खुर्ची’ म्हणू लागले. त्यांचे मित्र हान्स वेगनर यांनी जुन्या चिनी खुर्च्यांवरून स्फूर्ती घेऊन १९४९ मध्ये दुबेळक्यासारख्या पाठीची खुर्ची रेखाटली. १९५० पासून कार्ल हान्सेन यांच्या कारखान्यात ती तयार होऊ लागली. तिच्या एका आसनाला सुमारे १२० मीटर दोरी लागते.

अशी जुनी खुर्ची दुरुस्तीला आली, तर काय करावे? पुष्कळांचा हात आधी पॉलिश-कागदाकडे जातो. तो आवरावा. हाताच्या स्पर्शाने लाकडाला आलेली झळाळी आणि आसनाखालचा कारखान्याचा शिक्का, हे त्या खुर्चीचे दप्तर आहे. एकदा घासले की गेले. प्रथम सांधे पाहावेत. जुना सरस असेल, तर तो उष्णतेने आणि ओलाव्याने सैल पडतो. सांधा न फोडता उकलता येतो आणि पुन्हा बसविता येतो. मग तुटकी दोरी कापावी, पण त्याआधी तिची वीण टिपून घ्यावी.

वेगनर यांच्या खुर्चीचे आसन पुढे रुंद, मागे अरुंद असते. म्हणून पुढचे दोन कोपरे आधी भरून घ्यावे लागतात. नंतर दोरी कोपऱ्याकोपऱ्याने फिरते आणि चार त्रिकोण मध्याशी मिळतात, बंद पाकिटाच्या पाठीसारखे. आपल्या बाजेची दोरी सैल पडली, तर पायथ्याकडून ओढून ताठ करता येते. या आसनाला ती सवलत नाही. जो ताण द्यायचा, तो विणतानाच द्यायचा. एक फेरा ढिला राहिला, तर पुढे सारे आसन त्याची साक्ष देते.

आता खरा प्रश्न उरतो. दोरी नवी घातली, तर खुर्ची जुनी राहिली काय? माझे उत्तर ‘राहिली’ असे आहे. करणाऱ्यांनीच सांगाडा दीर्घकाळासाठी केला आणि आसन बदलता येईल असे ठेवले. आज अशा जुन्या खुर्च्या संग्राहकांच्या दालनांत ठेवलेल्या दिसतात. त्यांच्यावर कोणी बसत नाही. सामान्य माणसाने टेकावे म्हणून जी जन्मली, तिचा याहून मोठा अपमान नाही. आसन विणून होताच तिच्यावर कोणीतरी बसावे. दुरुस्ती तेव्हाच पुरी होते.