कंदिलाच्या उजेडातली शस्त्रक्रिया

येरवडा म्हटलं, की तुरुंगाच्या दगडी भिंती आठवतात, पुणे करार आठवतो. त्याच तुरुंगातल्या एका पोटदुखीनं सगळ्या देशाचा जीव टांगणीला लावला होता, ही गोष्ट मात्र क्वचितच सांगितली जाते.

मार्च १९२२मध्ये राजद्रोहाच्या खटल्यात गांधीजींना सहा वर्षांची शिक्षा झाली आणि त्यांना येरवड्याला आणलं गेलं. जानेवारी १९२४मध्ये त्यांचं पोट विलक्षण दुखू लागलं. सिव्हिल सर्जन कर्नल मॅडॉक यांनी तपासून निदान केलं : अपेंडिक्स, म्हणजे आंत्रपुच्छ, सुजलं आहे. लगोलग त्यांना नदीपलीकडच्या ससून रुग्णालयात हलवलं.

आतड्याचं हे बोटाएवढं शेपूट मोठं दगाबाज. ते फुटलं, की पू पोटभर पसरतो. पेनिसिलिनचा शोध लागला १९२८मध्ये. त्याआधी वेळेवर चालवलेली सुरी हाच मुख्य आधार होता. इंग्लंडचा राजा सातवा एडवर्ड याचा राज्याभिषेक १९०२मध्ये याच दुखण्यामुळे ऐन वेळी पुढे ढकलावा लागला होता.

बरं, ते नेहमी आपल्या जागी सापडेल असंही नाही. कधी ते चक्क हर्नियाच्या पिशवीत उतरतं. जांघेच्या घडीखाली, मांडीच्या वरच्या टोकाशी येणाऱ्या हर्नियात अपेंडिक्स असू शकतं, हे द गारंजो या फ्रेंच शल्यविशारदानं १७३१मध्ये नोंदवलं. पुढे १७३५मध्ये लंडनच्या क्लॉडियस अम्यांड यांनी एका मुलाच्या जांघेतल्या हर्नियातून अपेंडिक्स काढलं. ते काढल्याची ही पहिली ज्ञात नोंद. मांडीकडचा प्रकार दुर्मीळ, आणि बायकांत अधिक. गाठ दिसते जांघेत, आजार असतो आतड्याचा! आज सीटी स्कॅन आहे, तरी पुष्कळदा खरं काय ते गाठ उघडल्यावरच कळतं. मग अपेंडिक्स काढून हर्नियाची वाट बंद करतात.

ससूनमध्ये निदान स्पष्ट होतं. प्रश्न होता विश्वासाचा. रुग्ण सरकारचा कैदी, सर्जन सरकारी गोरा अधिकारी. काही बरंवाईट झालं असतं, तर लोकांनी काय म्हटलं असतं? शिवाय याच रुग्णानं ‘हिंद स्वराज्य’मध्ये डॉक्टर आणि इस्पितळं यांच्यावर कडक टीका केलेली. मुंबईचे डॉ. दलाल आणि डॉ. जीवराज मेहता यांना बोलावण्याचा विचार झाला. पण थांबायला वेळ नव्हता. श्रीनिवास शास्त्री आले. आपल्याला मॅडॉकवर पूर्ण विश्वास आहे आणि शस्त्रक्रियेला आपली संमती आहे, असं निवेदन गांधीजींनी केलं आणि थरथरत्या हातानं त्यावर सही केली.

१२ जानेवारीच्या रात्री शस्त्रक्रिया सुरू झाली आणि मध्येच वीज गेली. विजेरीही विझली. अखेर कंदिलाच्या उजेडात मॅडॉक यांनी काम पुरं केलं. ५ फेब्रुवारीला सरकारनं गांधीजींना विनाअट सोडलं.

सरकारशी असलेला त्यांचा झगडा पुढे तेवीस वर्षं चालला. त्या रात्री मात्र एका कैद्यानं सरकारी सर्जनवर भरवसा टाकला आणि सर्जननं तो राखला. ससूनमधली ती शस्त्रक्रियेची खोली स्मारक म्हणून जपली आहे. येरवड्याचा तुरुंग दाखवायला पाहुण्यांना नेलंत, तर परतताना नदी ओलांडून तिकडेही जा.