मज्जारज्जू म्हणजे नुसती वायर?

नेटवर्क केबल तुटली की काम खल्लास. नवी टाकेपर्यंत हात चोळत बसायचं. मज्जारज्जूच्या दुखापतीकडेही बराच काळ असंच बघितलं गेलं. मेंदू म्हणजे सर्व्हर, मज्जारज्जू म्हणजे वायर. वायर तुटली, पाय संपले. पेशंटला व्हीलचेअर शिकवायची आणि घरी पाठवायचं.

खरं तर मंडळी, या समजुतीला १९११ सालीच तडा गेला होता. थॉमस ग्रॅहम ब्राउन यांना मज्जारज्जू कापलेल्या मांजरांच्या पायांत पावलं टाकण्याची लय सापडली. मेंदूकडून ऑर्डर नाही, तरी लय चालू! म्हणजे खाली एक लोकल कंट्रोलर आहे. १९८७ मध्ये मॉन्ट्रियलच्या बार्बो आणि रोसिन्योल यांनी पुढची पायरी गाठली. अशी मांजरं ट्रेडमिलवरच्या सरावाने मागच्या पायांनी पुन्हा चालू लागली. थोडक्यात, मज्जारज्जू शिकतो.

मग माणसं का नाही? १९९० च्या दशकात जर्मनीत अँटन वेर्निग यांनी पेशंटना पट्ट्यांनी टांगून, वजन हलकं करून ट्रेडमिलवर चालवलं. काहींची दुखापत कित्येक वर्षं जुनी होती. ज्यांच्यात थोडे तरी धागे शाबूत होते, त्यांच्यातले बरेच जण सुधारले. पण पाय उचलून ठेवता ठेवता थेरपिस्ट घामाघूम! म्हणून झुरिकमध्ये लोकोमॅट हा रोबो आला.

आपल्याला वाटणार, आता यंत्र जिंकणार. पण २००६ मध्ये ताज्या दुखापतीच्या १४६ पेशंटवरच्या अमेरिकन चाचणीचा निकाल आला. टांगून ट्रेडमिलवर चालवणं आणि जमिनीवर साधा कसून सराव, फरक शून्य! यंत्र नव्हे, रियाज महत्त्वाचा.

ज्यांच्या पायांत काहीच हालचाल उरली नव्हती, त्यांना मात्र नुसता सराव पुरला नाही. लुइव्हिलला अशा चौघांच्या मज्जारज्जूवर इलेक्ट्रोड बसवले, त्याचा निकाल २०१८ मध्ये आला. दुखापतीला दोन वर्षांहून जास्त काळ लोटला होता. दोघं आधार घेऊन जमिनीवर चालले. त्यातल्या एकाला ८५ आठवड्यांत २७८ सेशन्स लागली. स्टिम्युलेटर बंद केला की चालणंही बंद.

याला बरं होणं म्हणता येणार नाही. पण जुन्या पेशंटला "आता काही होणार नाही" असं सांगून फाईल बंद करणाऱ्यांनी हा आकडा जरूर बघावा. खालचा कंट्रोलर अजून जिवंत असू शकतो. त्याच्याशी बोलत राहायला २७८ वेळा कोणीतरी यावं लागतं, एवढंच.