कमी पैशांत चांगली वाइन कशी निवडायची? बाटली घेण्याआधी लेबलवर 'या' गोष्टी तपासा

ठाणे : ठाणे, कल्याण, डोंबिवली स्टेशनबाहेरच्या दुकानांवर पाटी 'वाइन्स'ची असते, आत मात्र व्हिस्की, रम आणि बिअरच जास्त. द्राक्षाचा रस आंबवून केलेली खरी वाइन एखाद्या कोपऱ्यातल्या फळीवर मिळते. शहापूर, मुरबाडहून कामाला आलेला माणूस थर्टी फर्स्टसाठी बाटली घ्यायला जातो, तेव्हा एकतर सगळ्यात स्वस्त उचलतो, नाहीतर दुकानदार देईल ती घेतो. दोन्हीत पैसे वाया जाऊ शकतात. खिसा सांभाळून निवड कशी करायची, याची ही माहिती.

स्वस्तातली 'पोर्ट' म्हणजे काय?

सगळ्यात खालच्या किमतीत बहुतेक वेळा गोड 'पोर्ट वाइन' असते. मूळ पोर्ट पोर्तुगालच्या डोरो खोऱ्यातली. तिच्यात द्राक्षाची ब्रँडी मिसळतात. आपल्याकडे त्या नावाने मिळणारी स्वस्त बाटली म्हणजे बहुधा गोडवा वाढवलेली साधी वाइन. गोड आवडत असेल तर घ्यायला हरकत नाही, पण तिच्यावरून वाइनची चव ठरवू नये. जास्त गोडव्याखाली द्राक्षाचा हलकेपणा झाकला जातो.

कमी बजेटला नाशिकच का?

कसारा घाट ओलांडला की नाशिकचा द्राक्ष पट्टा लागतो. राज्याने २००१ मध्ये द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचं धोरण आणलं आणि इथल्या वाइनला करात सवलती मिळत आल्या. परदेशी वाइनवर मात्र अनेक वर्षे १५० टक्के आयात शुल्क होतं. म्हणजे कमी किमतीच्या परदेशी बाटलीत पैसा कर आणि वाहतुकीतच जास्त जातो, आतला माल साधाच असतो. तेवढ्याच पैशांत नाशिकची बाटली बहुधा सरस पडते.

'रिझर्व्ह' लिहिलेली वाइन बहुतेकदा लाकडी पिंपात मुरवलेली असते, म्हणून महाग. पहिल्यांदा घेणाऱ्याने त्यासाठी जादा पैसे मोजायची गरज नाही.

लेबलवर काय पाहायचं?

• द्राक्षाची जात : शेनिन ब्लाँ, सॉव्हिन्यॉं ब्लाँ, शिराझ असं नाव असेल तर आत काय आहे याचा अंदाज येतो.

• साल : नाशिकची द्राक्षं साधारण जानेवारी ते मार्चमध्ये काढतात. साधी व्हाइट वाइन गेल्या एक-दोन वर्षांतली घ्यावी. 'जुनी तेवढी चांगली' हा नियम स्वस्त वाइनला लागू नाही.

• ड्राय : याचा अर्थ गोड नसलेली. 'ड्राय डे'शी संबंध नाही.

• सील आणि एमआरपी : झाकण फिरकीचं असलं म्हणजे वाइन हलकी असं नाही. सील मात्र शाबूत हवं. छापील किमतीपेक्षा जास्त पैसे देऊ नयेत.

• बाटली कुठे ठेवली होती : उन्हात किंवा गरम काचेमागे राहिलेली बाटली टाळावी. उष्णतेने वाइन खराब होते.

रेड की व्हाइट?

पहिल्यांदा घेणाऱ्यांसाठी शेनिन ब्लाँ सोपी. आपल्याकडची शेनिन बऱ्याचदा किंचित गोडसर असते आणि तिखट जेवणासोबत जमते. तळलेल्या बोंबलासोबत थंड सॉव्हिन्यॉं ब्लाँ, मटणासोबत शिराझ. उन्हाळ्यात रेडही १५-२० मिनिटं फ्रिजमध्ये ठेवून घ्यावी. चव माहीत नसेल तर ३७५ मिलीची छोटी बाटली मिळते का विचारा. आवडली नाही तर नुकसान कमी. उघडलेली बाटली झाकण लावून फ्रिजमध्ये ठेवली तर दोन-तीन दिवस टिकते.

'ज्यूससारखी' समजू नका

हिशोब पाहा. १३ टक्के अल्कोहोलच्या ७५० मिली बाटलीत सुमारे ९७ मिली शुद्ध अल्कोहोल असतं. ४२.८ टक्क्यांच्या १८० मिली व्हिस्कीच्या क्वार्टरमध्ये सुमारे ७७ मिली. म्हणजे एकट्याने अख्खी बाटली संपवणं हे क्वार्टरपेक्षा जास्त झालं. एका बाटलीत १५० मिलीचे पाच ग्लास होतात. चार-पाच जणांत एक बाटली हा पैशाच्या आणि तब्येतीच्या दृष्टीनेही बरा हिशोब. पिऊन गाडी चालवली तर पहिल्याच गुन्ह्याला १० हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं.

गोवा, दमणची स्वस्त बाटली नको

तिकडे कर कमी म्हणून बाटली स्वस्त, पण परवान्याशिवाय ती महाराष्ट्रात आणणं हा दारूबंदी कायद्याखाली गुन्हा आहे. दोनशे रुपये वाचवायला जाऊन केस अंगावर यायची. परवानाधारक दुकानातून बिल घेऊनच खरेदी करावी. बिल असेल तर खराब मालाची किंवा जादा दराची तक्रारही करता येते.

जो पीत नाही, त्याने वाइनच्या निमित्ताने सुरुवात करण्याची काहीच गरज नाही.