‘वाण तीनदा पेरून पाहिला’

१२. ‘तीनदा’ म्हणजे तीन हंगाम नव्हे. एकाच शेताच्या तीन गटांत. वऱ्हाडात एकाच वावरात काळी माती कुठे खोल, कुठे उथळ. म्हणून अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठासारख्या (स्थापना १९६९) ठिकाणी कपाशीच्या चाचणीत प्रत्येक गटात वाणांच्या जागा चिठ्ठी काढल्यागत ठरतात. तुलनेला प्रचलित वाण असतो. धुऱ्याकडच्या पऱ्हाटीला ऊन, ओल जास्त मिळते. ती तासं उत्पन्नात धरत नाहीत. गट पाडून चिठ्ठीने जागा ठरवण्याची ही रीत इंग्लंडात रोथॅमस्टेडच्या कृषिसंशोधन केंद्रात संख्याशास्त्रज्ञ फिशर यांनी घडवली. पानसे-सुखात्मे यांच्या १९५४च्या इंग्रजी ग्रंथात ती भारतीय कृषिसंशोधकांसाठी मांडली आहे. एकाच तुकड्यातली भरघोस बोंडं हा पुरावा नव्हे. – संपा.