पाणी ओढलं जात नाही, ढकललं जातं

आज बचतीचा हिशोब नाही, कर्जाचा हप्ता नाही. आज मी तुम्हाला पावणेचारशे वर्षांपूर्वीची एक गोष्ट सांगणार आहे. पण सुरुवात आपल्याच विहिरीपासून करते.

आमच्या गटातल्या पाच जणींनी मिळून भाजीपाल्यासाठी एकरभर रान खंडानं घेतलं. गटातून कर्ज काढून विहिरीच्या काठावर तीन एचपीची मोटर बसवली. माघापर्यंत सगळं छान चाललं. चैत्रात विहिरीचं पाणी खाली गेलं आणि मोटर नुसतीच घुमायला लागली. फुटबॉल बदलला, वायसर बदलला, पाइपात पाणी भरून भरून हात दुखले, पण पाट काही वाहिना. शेवटी दुकानदार म्हणाला, "पाचची मोटर घ्या, ही कमी पडते." म्हणजे पुन्हा कर्ज. बैठकीत ठराव लिहायला मी वही उघडली, तेवढ्यात आमच्यातल्या सगळ्यात वडीलधाऱ्या आजी बोलल्या. त्या शाळेत कधी गेलेल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "अगं, देवळापुढचा हापसा याहून खोलातलं पाणी देतो, तेही बाईच्या हातानं. मग तीन घोड्यांच्या मोटरीला का जमंना?"

वही तशीच मिटली. या प्रश्नाचं उत्तर कुणालाच देता येईना, मलाही नाही. मग मी पुस्तकं चाळली आणि कळलं, की इटलीत थोरामोठ्यांना हाच प्रश्न पडला होता.

गॅलिलिओचं नाव तुम्ही मुलांच्या पुस्तकात पाहिलं असेल. दुर्बिणीतून आकाश पाहणारा तोच हा. १६३८ साली छापलेल्या पुस्तकात त्यानं एका पंपाची हकीकत दिली आहे. पाणी खाली गेलं की पंप चालेना. त्याला वाटलं, पंप बिघडला. पण दुरुस्ती करणाऱ्या कारागिरानं सांगितलं, की पंप ठणठणीत आहे, पाणी अठरा हातांपेक्षा जास्त खोल गेलं तर कुठलाच पंप ते वर ओढू शकत नाही. कारागिराचं बोलणं अनुभवाचं होतं. पण असं का होतं, ते गॅलिलिओलाही नीट उमगलं नाही. त्याला वाटलं, लांब दोर जसा स्वतःच्याच वजनानं तुटतो, तसा पाण्याचा खांबही तुटत असेल. एवढा मोठा माणूस, पण इथे चुकला.

गॅलिलिओच्या शेवटच्या दिवसांत टोरिचेली नावाचा तरुण त्याच्याजवळ राहायला आला होता. त्यानं प्रश्नच उलटा केला. पंप पाणी ओढतो असं धरायचंच कशाला? बाहेरची हवा पाण्याला दाबून वर ढकलत असेल तर? हवेला वजन असेल, तर विहिरीतल्या पाण्यावर ते पडणारच. पंप फक्त नळीतली हवा काढून जागा रिकामी करतो. मग बाहेरची हवा पाण्याला त्या रिकाम्या जागेत रेटते.

हे पडताळायला पाणी घ्यायचं तर तीस-पस्तीस फुटांची नळी लागली असती. म्हणून त्यानं पारा निवडला, कारण पारा पाण्याच्या साडेतेरा पटींहून जड. दोन हात लांबीची काचेची नळी, एका टोकाला बंद. ती पाऱ्यानं काठोकाठ भरली, तोंडाला बोट लावून उलटी केली, पाऱ्याच्या भांड्यात बुडवली आणि बोट काढलं. पारा थोडा खाली आला आणि सुमारे ७६ सेंटिमीटरवर थांबला. १६४४ साली टोरिचेलीनं मित्राला पत्र लिहून याचा अर्थ सांगितला. मासे जसे पाण्याच्या तळाशी, तशी आपण माणसं हवेच्या समुद्राच्या तळाशी राहतो, आणि त्या हवेचं वजन नळीतल्या पाऱ्याला तोलून धरतं.

(पारा विषारी असतो. हा प्रयोग घरी करायचा नाही.)

लोकांना ते सहजासहजी पटलं नाही. मग फ्रान्समधल्या पास्कलला एक युक्ती सुचली. हवेचा समुद्र खरा असेल, तर डोंगरावर चढल्यावर डोक्यावरची हवा कमी होणार आणि पारा खाली उतरणार. पास्कल पॅरिसला होता आणि तब्येतीनं नाजूक होता. त्याची बहीण जिल्बर्त क्लेरमाँ या त्यांच्या माहेरगावी नांदत होती. गावाजवळच प्वी द दोम नावाचा उंच डोंगर. त्यानं मेहुण्यालाच पत्र पाठवून हे काम सांगितलं.

१९ सप्टेंबर १६४८ रोजी मेहुणे पेरिए गावातली काही मंडळी घेऊन निघाले. एक नळी त्यांनी पायथ्याच्या मठाच्या बागेत ठेवली. तिथला एक साधू दिवसभर तिच्याजवळ बसून होता, तिचा पारा हलला नाही. दुसरी नळी वर नेली, सुमारे हजार मीटर. तिथे पारा तीन इंचांहून जास्त खाली होता! पेरिएंनी शिखरावरच जागा बदलून बदलून तोच प्रयोग पुन्हा केला. उत्तर तेच आलं. हवेला वजन आहे, हे डोंगरानं सिद्ध केलं.

आता आपल्या तराजूत पाहू. समुद्रकाठी एका चौरस सेंटिमीटरवर, म्हणजे करंगळीच्या नखाएवढ्या जागेवर, सुमारे एक किलो हवेचा भार असतो. तेवढ्याच जागेवर पाण्याचा दहा मीटर उंच खांब उभा केला, तर त्याचंही वजन एक किलो. दोन्ही पारडी समान! म्हणून हवा पाण्याला साधारण दहा मीटर, म्हणजे तेहतीस-चौतीस फूट ढकलते, पुढे नाही. आपण उंचावर राहतो, पाइपात घर्षण असतं, कुठे ना कुठे हवा शिरते. त्यामुळे काठावरच्या मोटरीला प्रत्यक्षात वीस-पंचवीस फूटच भरवशाचे. मोटर पाचची घ्या नाहीतर पन्नासची, हवेचं वजन काही वाढत नाही.

मग एवढा भार आपल्याला जाणवत का नाही? कारण हवा सगळीकडून दाबते, आणि आपल्या शरीराच्या आतूनही तेवढाच दाब बाहेर असतो. मुलांना दाखवायचं असेल, तर पेला पाण्यानं काठोकाठ भरा, वर जाड पुठ्ठा ठेवा, तळव्यानं दाबून पेला उलटा करा आणि हात हळूच काढा. पाणी सांडत नाही. हवा पुठ्ठ्याला खालून धरून ठेवते.

आणि आजींचा हापसा? तिथेच खरी गंमत आहे. बोअरच्या हापशाचा सिलिंडर वर नसतोच, तो खाली पाण्यात असतो. वरचा दांडा साखळी आणि सळईनं खालचा दट्ट्या उचलतो. पाणी हवेच्या भरवशावर नाही, आपल्या हाताच्या जोरावर वर येतं. या हापशाचा इतिहास आपल्या महाराष्ट्राचाच आहे. ओतीव लोखंडाचे जुने हापसे सारखे मोडायचे. जालन्याला आणि सोलापूरला त्यात सुधारणा झाल्या. सोलापूरच्या पंपावरूनच १९७० च्या दशकात 'इंडिया मार्क २' तयार झाला, आणि पुढे तो जगभरातल्या खेड्यांत पोचला.

आम्ही विहिरीत दोर सोडला. पाणी बत्तीस फुटांवर होतं. पाचची मोटर घेतली नाही. जाणत्या वायरमनकडून विहिरीत पंधरा फुटांवर लोखंडी अँगलचं मचाण करून घेतलं आणि तीच मोटर साखळीवर खाली उतरवली. आता हवेला सतराच फूट ढकलायचं होतं, वरचे पंधरा फूट मोटरीनं स्वतः रेटले. कोथिंबीर वाचली, वांगी वाचली. पावसाळ्यापूर्वी मोटर आठवणीनं वर ओढायची, एवढं काम मात्र वाढलं.

तेव्हा मैत्रिणींनो, मोटरीच्या कर्जाचा अर्ज बैठकीत आला की आधी विचारा, "दोर सोडून पाणी मोजलं का?" आकडा वहीत लिहा, मगच सही करा. आमच्या ठरावात त्या दिवशी सूचक म्हणून आजींचं नाव लिहिलं. त्यांनी खाली अंगठा उठवला आणि म्हणाल्या, "त्या साधूबाबाचं बरं होतं बाई, दिवसभर बसून नुसतं बघायचं!"