इंजिनातील ठोके

इंजिनातील ठोके म्हणजे अंतर्ज्वलन इंजिन चालू असताना त्यातून लयीत ऐकू येणारा, धातूवर धातू आपटल्यासारखा आवाज होय. यासाठी 'नॉकिंग' हा शब्दही मराठीत रूढ आहे. या आवाजाची कारणे मुख्यतः दोन प्रकारची असतात: इंधनाच्या ज्वलनातील बिघाड आणि इंजिनाच्या भागांची झीज. पहिल्या प्रकारात बहुधा इंधन, ठिणगीची वेळ किंवा इंजिनाचे तापमान यांकडे लक्ष देऊन भागते. दुसऱ्या प्रकारात अनेकदा इंजिन उघडावे लागते. त्यामुळे दुरुस्तीपूर्वी ठोक्याचा उगम निश्चित करणे आवश्यक ठरते.

ज्वलनजन्य ठोका

पेट्रोल इंजिनात स्पार्क प्लगच्या ठिणगीने पेटलेली ज्योत सिलिंडरमध्ये क्रमाक्रमाने पसरते. ज्योत पोहोचण्यापूर्वीच उरलेले मिश्रण दाब आणि उष्णता यांमुळे आपोआप पेटल्यास दाब एकाएकी वाढतो. त्यातून निर्माण होणाऱ्या दाबलहरी सिलिंडरच्या भिंतींवर आदळून किणकिण असा आवाज येतो. चढावर वरच्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबला असता तो विशेषत्वाने जाणवतो.

कमी ऑक्टेन अंकाचे इंधन, वेळेआधी पडणारी ठिणगी, ज्वलनकक्षात साठलेला कार्बन, इंजिन अतिशय तापणे आणि मिश्रणात इंधनाचे प्रमाण कमी असणे ही त्याची प्रमुख कारणे आहेत. तीव्र ठोका दीर्घकाळ राहिल्यास दट्ट्याचा माथा, त्यावरील कड्यांच्या खाचा आणि सिलिंडर हेडचे गॅस्केट यांना इजा पोहोचते. आधुनिक गाड्यांत इंजिनावर बसवलेला नॉक सेन्सर ही कंपने ओळखतो आणि संगणकीय नियंत्रक ठिणगी थोडी उशिरा पाडतो. त्यामुळे ठोका ऐकू न येता केवळ गाडीची ताकद कमी झालेली जाणवते, असेही घडते.

डिझेल इंजिनात इंधन दाबलेल्या तप्त हवेत आपोआप पेटते, म्हणून काही प्रमाणात ठोक्यांचा आवाज स्वाभाविक असतो. तो नेहमीपेक्षा वाढल्यास इंजेक्टर किंवा इंधन फवारण्याची वेळ तपासतात.

यांत्रिक ठोके

• कनेक्टिंग रॉडचे बेअरिंग: जड, स्पष्ट ठोके; इंजिनाच्या वेगाबरोबर वाढतात आणि ॲक्सिलरेटर सोडताना अनेकदा ठळक होतात. हा सर्वांत धोकादायक प्रकार होय. दुर्लक्ष केल्यास रॉड तुटून इंजिनाचा ब्लॉक फुटू शकतो.
• क्रँकशाफ्टचे मुख्य बेअरिंग: खोल, दबका आवाज, भार पडल्यावर वाढतो.
• दट्ट्याचा सैलपणा: इंजिन थंड असताना पोकळ आवाज येतो. तापल्यावर धातू प्रसरण पावून फट कमी होते व आवाज मंदावतो.
• झडपांची यंत्रणा: वरच्या बाजूने येणारी हलकी टिकटिक. चार धावांच्या इंजिनात कॅमशाफ्ट क्रँकशाफ्टच्या निम्म्या वेगाने फिरत असल्याने ही लय संथ असते.

सैल झालेली पुली, एक्झॉस्टवरील पत्र्याचे आवरण, एक्झॉस्टच्या जोडातील गळती किंवा इंजिनाचे झिजलेले माउंटिंग यांचा आवाजही इंजिनातील ठोक्यासारखा भासू शकतो.

निदानाची पद्धत

प्रथम तेलाच्या दाबाचा लाल दिवा पाहतात. तो लागलेला असल्यास इंजिन तत्काळ बंद करावे लागते. तेलाच्या दाबाशिवाय चाललेल्या इंजिनाची बेअरिंगे अल्पावधीत निकामी होतात. त्यानंतर इंजिन बंद ठेवून, गाडी सपाट जागी असताना डिपस्टिकने तेलाची पातळी तपासतात.

पुढील टप्पा आवाज केव्हा येतो याची नोंद करण्याचा असतो: थंड असताना की तापल्यावर, उभ्या गाडीत की चढावर, वेग वाढवताना की कमी करताना. केवळ भाराखाली येणारी किणकिण ज्वलनजन्य ठोक्याकडे निर्देश करते, तर उभ्या गाडीतही येणारा जड ठोका झिजेची शंका निर्माण करतो.

जागा शोधण्यासाठी मेकॅनिकचा स्टेथोस्कोप वापरतात. तो नसल्यास लांब स्क्रू ड्रायव्हरचे टोक इंजिनावर टेकवून मुठीला कान लावण्याची जुनी रीत आहे. फिरते पट्टे व पंखा यांपासून कपडे आणि हात दूर ठेवणे येथे अत्यावश्यक असते. एकेका सिलिंडरचे ज्वलन क्षणभर थांबवूनही आवाज ऐकतात. त्यामुळे ठोका मंदावल्यास दोष त्या सिलिंडरच्या दट्ट्यात किंवा रॉडच्या बेअरिंगमध्ये असण्याचा संभव असतो. फरक न पडल्यास इतर भाग तपासतात.

शेवटी तेलाचा प्रत्यक्ष दाब गेजने मोजतात आणि तेलाचा फिल्टर कापून पाहतात. त्यात चमकदार धातुकण आढळल्यास बेअरिंग झिजल्याचा तो सबळ पुरावा मानला जातो. अशा स्थितीत घट्ट तेल घालून आवाज काही काळ दबतो, परंतु झीज थांबत नाही.

इतिहास

1921 मध्ये अमेरिकेतील जनरल मोटर्सच्या प्रयोगशाळेत टॉमस मिजली यांना टेट्राएथिल लेड हे संयुग मिसळल्यास ज्वलनजन्य ठोका थांबतो, असे आढळले. मात्र धुरातून बाहेर पडणारे शिसे मेंदूला, विशेषतः बालकांच्या मेंदूला, घातक असते. भारतात 1 फेब्रुवारी 2000 पासून शिसेयुक्त पेट्रोलची विक्री बंद झाली. 2021 मध्ये अल्जीरियातही ती थांबली आणि मोटारगाड्यांसाठीचे असे पेट्रोल जगभरातून हद्दपार झाले.

इंधनाची ठोकारोधक क्षमता ऑक्टेन अंकाने दर्शवतात. या मापनात आयसो-ऑक्टेनला 100 आणि नॉर्मल हेप्टेनला 0 हे मूल्य दिलेले आहे. इथेनॉलचा ऑक्टेन अंक पेट्रोलपेक्षा अधिक असल्याने ते मिसळल्यास ही क्षमता वाढते. भारतात पेट्रोलमध्ये मिसळल्या जाणाऱ्या इथेनॉलचा काही भाग महाराष्ट्रातील साखर कारखान्यांतून येतो.